गरोदरपण आणि जादा वजन



आपल्याकडे गरोदर बाईच्या तब्येतीचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेले असते, "काही खातच नाही हो ही." आई, सासू, शेजारीण सगळ्या तेच म्हणतात. अशक्तपणा, रक्त कमी असणे, कमी वजनाचे बाळ यांवर बोललेच पाहिजे. पण वस्त्यांमध्ये फिरताना मला आता दुसरे चित्रही वरचेवर दिसते. वय २८-३०, दुसरी किंवा तिसरी खेप, वजन ७५-८० किलो आणि हिमोग्लोबिन ८. अंगाने भरलेली आणि आतून अशक्त. घरचे म्हणतात, "हिला काय झालंय, चांगली धडधाकट आहे." त्यामुळे तिच्याकडे लक्ष जात नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के जादा वजनाच्या किंवा स्थूल निघाल्या. त्याच पाहणीत ५७ टक्के स्त्रियांचे रक्त कमी होते. जाडी म्हणजे खात्यापित्या घरचे दुखणे, हा समज सोडून द्यायची वेळ झाली आहे.

गरिबाच्या घरात वजन का वाढते ते नीट बघा. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळते, म्हणजे तांदूळ आणि गहू. पोट भरण्याची सोय होते. डाळ, अंडी, भाजी, दूध मात्र बाजारभावाने घ्यावे लागते, तिथे हात आखडतो. मग ताटात भाताचा डोंगर आणि वर पातळ वरणाची वाटी. दुपारी कामावर वडापाव, संध्याकाळी चहा-खारी, पोरांच्या ५ रुपयांच्या पुड्यातले उरलेले. धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईला मालकिणीकडून मिळते ते बहुधा आदल्या दिवशीचे तळलेले किंवा गोड. शेवटी, सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तोही तीच खाते. "मी खाते कुठे ताई?" असे ती म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते. बसून, वाढून घेऊन ती खरोखरच कमी जेवते.

आता चहाचा हिशेब करू. एका कपात २ चमचे साखर, म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दिवसाला ६ कप म्हणजे ६० ग्रॅम, आणि त्यातून जवळपास २४० कॅलरी. महिन्याला एकटीच्या पोटात पावणेदोन किलोच्या वर साखर गेली. त्यात ना प्रथिने, ना लोह. उलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा अन्नातले आणि गोळीतले लोह अंगी लागू देत नाही. एकाच कपाने वजनही वाढवले आणि रक्तही अडवले.

वजन जास्त आहे की नाही हे आरशात बघून ठरवायचे नाही. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. तुमची उंची १५० सेंटिमीटर असेल तर १.५ गुणिले १.५ म्हणजे २.२५. वजन ६८ किलो असेल तर ६८ भागिले २.२५, उत्तर ३०.२. या आकड्याला बीएमआय म्हणतात. जगभरात ३० च्या पुढे स्थूल धरतात. आपल्या लोकांत कमी जाडीवरही साखर आणि बीपी मागे लागतात, म्हणून भारतातले डॉक्टर २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलपणा मानतात. गरोदर बाईसाठी हिशेब धरायचा तो गरोदर राहण्यापूर्वीच्या किंवा पहिल्या तीन महिन्यांतल्या वजनाचा. सातव्या महिन्यात पहिल्यांदा काट्यावर उभे राहून हे समजत नाही. म्हणून पाळी चुकल्यावर लवकर नाव नोंदवा आणि पहिले वजन माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या.

यात धोका काय? गरोदरपणातली साखर, रक्तदाब, त्यातून येणारे झटके, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी, मोठे बाळ अडणे, सिझेरियनची वेळ येणे, टाके पिकणे, बाळंतपणानंतर जास्त रक्त जाणे. वजन जितके जास्त तितकी यांची शक्यता वाढते. बाळाच्या पाठीच्या कण्याचे व्यंग, गर्भपात, पोटातच बाळ दगावणे यांचाही धोका काहीसा वाढतो. पोटावर चरबीचा थर जाड असेल तर सोनोग्राफीत बाळाचे अवयव नीट दिसत नाहीत, पुन्हा बोलावतात. तेव्हा कंटाळू नका, जा. हे सगळे प्रत्येकीला होते असे नाही. जादा वजनाच्या कितीतरी बायांचे बाळंतपण साधे, सरळ होते. पण नीट लक्ष ठेवले गेले तर बराचसा धोका आधीच पकडता येतो, म्हणून हा लेख.

मूल हवे असे ठरवत असाल तर वजन कमी करण्याची खरी वेळ तीच. ८० किलोच्या बाईने ४ ते ८ किलो उतरवले तरी फरक पडतो. पीसीओडीमुळे पाळी मागेपुढे होत असेल तर एवढ्यानेही पाळी बऱ्याचदा मार्गावर येते. इथे एक सावधगिरी. पाळी अनियमित म्हणून "मला कुठे दिवस जातात" असे समजून राहू नका. अशा बायांना चौथ्या-पाचव्या महिन्यात कळते, तोवर महत्त्वाचे दिवस निघून गेलेले असतात. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याच्या निदान महिनाभर आधीपासून सुरू हवी. कारण बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बंद होते. गोळी किती ताकदीची घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, साखर किंवा फिट्सचे औषध चालू असेल तर आवर्जून सांगा.

हल्ली वजन उतरवायची आठवड्याला एकदा टोचायची इंजेक्शने निघाली आहेत. त्यातले सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान २ महिने आधी थांबवावे लागते. दिवस गेलेले असताना वजन कमी करण्याचे कुठलेही औषध, पावडर किंवा काढा घ्यायचा नाही. वजन घटवायची शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत.

दिवस गेल्यावर मात्र नियम बदलतो. आता वजन उतरवायचे नाही, वाढ आवरायची. उपाशी राहणे, भात-भाकरी पूर्ण तोडणे हे बाळाच्या मुळावर येते. पौर्णिमेला उपोसथ धरणाऱ्या, दुपारनंतर न जेवणाऱ्या भगिनींनी गरोदरपणात तो धरू नये. साखर असलेल्या आणि इन्शुलिन घेणाऱ्या बाईने तर मुळीच नाही. शील पाळायला रिकामे पोट लागत नाही.

किती वाढ चालते? अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेली मापे पुष्कळ ठिकाणी वापरतात. बीएमआय १८.५ ते २५ असलेल्या बाईने पूर्ण गरोदरपणात साडेअकरा ते १६ किलो, २५ ते ३० असलेलीने ७ ते साडेअकरा आणि ३० च्या पुढे असलेलीने ५ ते ९ किलो वाढावे. म्हणजे भरलेल्या अंगाच्या बाईचे वजन नऊ महिन्यांत ६-७ किलोच वाढले तर घाबरण्याचे कारण नाही, बाळ नीट वाढत असेल तर ते उत्तमच आहे. चौथ्या महिन्यापासून आठवड्याला पाव किलोच्या आसपास असा तिचा चढ असावा. एका आठवड्यात एकदम दीड-दोन किलो वाढले तर ते खाल्लेले नव्हे, अंगात साचलेले पाणी असू शकते. त्याच दिवशी बीपी मोजून घ्या.

"दोन जिवांची आहेस, दुप्पट खा." हे वाक्य जुन्या काळी, दिवसभर शेतात राबणाऱ्या आणि एकवेळ जेवणाऱ्या बाईसाठी ठीक होते. पहिले तीन महिने जास्तीचे अन्न जवळपास लागतच नाही. त्यानंतर आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मापाने रोज ३५० कॅलरी वाढीव लागतात. हे माप साधारण वजनाच्या बाईचे आहे. ३५० कॅलरी म्हणजे एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि कपभर दूध, बस्स. वजन जास्त असेल तर एवढेही लागत नाही. तिने प्रमाण फार न वाढवता ताटातले पदार्थ बदलायचे.

ते कसे? भाताचा ढीग अर्धा करा आणि वरण घट्ट करा. अर्धे ताट भाजीने भरा. शेवगा, चवळी, मेथी, माठ, जे हंगामात स्वस्त असेल ते. रोज एक-दोन अंडी. वडापावच्या पैशांत अंडे येते. मोड आलेली मटकी, चणे, शेंगदाणे मूठभर. सुकट-बोंबील प्रथिनांना चांगले, पण बीपी असेल तर ते नीट धुऊन, मीठ काढून आणि कमी खा. ज्वारी, नाचणी हाताशी असेल तर गव्हाऐवजी ती खा, पोट जास्त वेळ भरलेले राहते. तेल महिन्याला माणशी अर्ध्या लिटरच्या वर नको. चौघांच्या घरात ५ लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर तो कुठे जातो ते बघा. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार हा तुमचा वाटा आहे, तो घरातल्या सगळ्यांनी वाटून खायचा नाही. आणि कृपा करून सगळ्यांबरोबर बसून जेवा. शेवटी बसणारीच्या वाट्याला भाजी आणि अंडे राहत नाही, भात राहतो.

चालायचे किती? रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. चालताना बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग. पण हा सल्ला मी सगळ्यांना देत नाही. चार घरची धुणीभांडी करून, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवणाऱ्या बाईला "व्यायाम करा" म्हणणे मला पटत नाही. तिला दुपारी तासभर आडवे व्हायला मिळाले पाहिजे. चालायला हवे ते सातव्या महिन्यात माहेरी आणून पलंगावर बसवलेल्या लेकीला. रक्त जाणे, पाणी जाणे, चक्कर, छातीत दुखणे यांपैकी काही झाले तर थांबा. वार खाली आहे असे सोनोग्राफीत सांगितले असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तपासणीबद्दल थोडे सविस्तर, कारण इथेच जास्त नुकसान होते.

जाड दंडावर बीपीचा नेहमीचा पट्टा पुरत नाही. छोटा पट्टा ओढून-ताणून बांधला की बीपी असते त्यापेक्षा जास्त दिसते. मग नसलेल्या आजाराच्या गोळ्या सुरू होतात. किंवा "पट्ट्यामुळेच जास्त दाखवत असेल" म्हणून खरे बीपी सोडून दिले जाते, हे तर जास्त वाईट. मोठा पट्टा वेगळा मिळतो. "सिस्टर, मोठा कफ आहे का?" एवढे विचारायला लाजू नका. बीपी १४०/९० किंवा वर असेल तर पुन्हा मोजायला सांगा आणि लघवीतले प्रोटीन तपासून घ्या. काही बायांना डॉक्टर तिसऱ्या महिन्यानंतर कमी ताकदीची ॲस्पिरिनची गोळी देतात. ती झटक्यांचा धोका कमी करण्यासाठी असते. पण शेजारणीला दिली म्हणून आपण घ्यायची नाही.

साखरेची तपासणी दोनदा करायची, नाव नोंदवल्यावर लगेच आणि २४ ते २८ आठवड्यांत. सरकारी पद्धत सोपी आहे. उपाशी यायची अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि २ तासांनी रक्त घेतात. १४० किंवा वर आले तर गरोदरपणातली साखर. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. दोन तास बसवत नाही म्हणून पुष्कळ जणी निघून जातात. घरी फोन करून सांगा, पण बसा. साखर निघाली तर दोन आठवडे आहार-विहाराने आवरते का बघतात, नाहीतर औषध किंवा इन्शुलिन. इन्शुलिन सुरू झाले म्हणजे जन्मभर लागले असे नाही, बहुतेकींचे बाळंतपणानंतर थांबते.

लोहाच्या लाल गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका, दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवा. जाड आहे म्हणून रक्त चांगले असेल असे गृहीत धरून काही ठिकाणी हिमोग्लोबिन बघतही नाहीत. तुम्ही मागून घ्या.

आणि आता टोमणे. मी बरीच वर्षे वॉर्डात काढली आहेत. टेबलावर चढताना "टेबल मोडेल हं", शीर सापडली नाही की "सगळी चरबीच आहे", कळा देताना "खाताना कळलं नाही का" ही वाक्ये माझ्या कानांनी ऐकली आहेत. बाई गरीब, त्यात आडनाव ओळखीचे, की आवाज आणखी चढतो. माझ्या कामाच्या भागातल्या एका बाईने असेच एक वाक्य ऐकून पाचव्या महिन्यानंतर दवाखान्यात पाऊलच टाकले नाही. आठव्या महिन्यात डोके दुखायला लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, घरच्यांनी ॲसिडिटी समजून सोडा पाजला. पहाटे झटके आले. तिला नेले तेव्हा बीपी १८०/१२० होते. बाई वाचली, बाळ वाचले नाही. मधल्या तीन महिन्यांत एकदा जरी बीपी मोजले गेले असते तर ते कळले असते. वजनावरून बाईला लाजवून तिचे वजन कमी झालेले मी एकदाही पाहिलेले नाही. ती फक्त यायची बंद होते. तेव्हा कोणी बोलले तर आशाताईला सांगा, वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, दुसऱ्या केंद्रात जा. तपासणी मात्र सोडू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञ डॉक्टर फुकट तपासतात.

बाळंतपण कुठे करायचे हे नवव्या महिन्यात नव्हे, सातव्यातच ठरवा. बीएमआय ३० च्या वर असेल तर भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियेची सोय आणि रक्त जिथे आहे असे रुग्णालय हवे. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी एकदा बघितले तर चांगले. रात्री जोरात घोरत असाल, मध्येच श्वास अडकून जाग येत असेल तर तेही सांगा. केवळ वजन जास्त म्हणून सिझेरियन करायचे कारण नाही, कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे.

सिझेरियन झाले तर पोटाच्या घडीखाली टाका ओला राहतो आणि पिकतो. घडी उचलून रोज हलक्या हाताने कोरडी करा, सुती कापड ठेवा. लाली, पू, वास, ताप आला की लगेच दाखवा.

यानंतर येतो सव्वा महिना. गरोदरपणात वाढलेल्या वजनापेक्षा बाळंतपणात साचलेले वजन उतरायला मला जास्त चिवट वाटते. माहेरी लेक आलेली असते, आईचा जीव तिच्यात. सकाळी डिंकाचा लाडू, मग अळिवाची खीर, जेवणात तुपाची धार, दुपारी शेवया, रात्री पुन्हा लाडू. मध्यम आकाराच्या एका डिंकाच्या लाडवात दोनशेच्या आसपास कॅलरी सहज असतात. आईच्या मायेला मी नावे ठेवत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतातच. त्यातला काही भाग मात्र अंगावर साठलेल्या चरबीतून जाऊ द्यायचा असतो. म्हणून वजन जास्त असलेल्या बाळंतिणीला दिवसाला एक लाडू पुरे, तोही साखर-गूळ कमी घालून. अळीव चांगले, त्यात लोह असते. ते लिंबू पिळून भाजीवर, कोशिंबिरीवर भिजवून घाला, खीरच कशाला? डाळ, अंडे, मासे, पालेभाजी बाळंतिणीला वर्ज्य नाही. "बाळाच्या पोटात दुखेल" म्हणून ते तोडतात आणि नुसता तूप-भात देतात, ते उलटे आहे.

पाणी तोडू नका. पाणी कमी पाजले की पोट सुटत नाही हा समज खोटा आहे, त्याने बद्धकोष्ठ होतो आणि लघवीला जळजळ होते. पोट घट्ट बांधल्याने चरबी जात नाही, सिझेरियनच्या टाक्याला आधार म्हणून बांधले तर ठीक.

आणि झोपवून ठेवू नका. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे पायातल्या गुठळीच्या धोक्याचे असतात. जादा वजन, सिझेरियन आणि पलंगावर पडून राहणे ही तिन्ही एकत्र आली की धोका आणखी वाढतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी धरून का होईना उभे करा, खोलीत चालवा, पडल्यापडल्या पावले वरखाली करायला लावा. एकाच पोटरीला सूज, दुखणे, गरमपणा आला, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखले तर मालीश करत बसू नका, १०८ ला फोन करा.

जादा वजनाच्या बाईला दूध कधीकधी दिवसभर उशिरा उतरते. घरातले लगेच डबा आणतात. पहिल्या तासात बाळ छातीला लावा आणि वरचेवर लावत राहा, चिकासारखे पिवळे दूध थोडेसेच असते आणि बाळाला तेवढेच लागते. स्तन मोठे असतील तर बाळाला काखेखालून, पाय मागे करून धरा, नाक दबत नाही. अंगावर पाजण्याने वजन उतरायलाही मदत होते.

दूध नीट सुरू झाले, टाका भरला, की सहा-आठ आठवड्यांनी हळूहळू चालणे वाढवा. आठवड्याला अर्धा किलोपर्यंत वजन उतरले तर दुधावर परिणाम होत नाही. मात्र पहिल्या खेपेचे ८ किलो उतरायच्या आत दुसरे दिवस गेले तर पुढची खेप त्या ८ किलोंच्या वरून सुरू होते. म्हणून पुढची गर्भधारणा किमान २४ महिन्यांनंतर. तांबी वजनदार बाईला चांगली, तिचा वजनाशी संबंध नाही आणि बाळंतपणानंतर लगेचही बसवता येते. अंतराच्या इंजेक्शनने काही जणींचे वजन वाढते. माला-एनसारख्या गोळ्या अंगावर पाजत असताना पहिले सहा महिने नकोत, बीपी किंवा गुठळीचा त्रास झाला असेल तर नंतरही नकोत. आणि नवऱ्यांना निरोध वापरता येतो, हे लिहायचे राहून जायला नको.

गरोदरपणात साखर निघाली असेल त्यांनी ६ आठवड्यांनी, बाळाच्या लसीला जाल त्याच दिवशी, पुन्हा ग्लुकोज पिऊन तपासणी करून घ्या. नॉर्मल आली तरी पुढे वर्षातून एकदा करा, कारण अशा बाईला नंतर कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. माता-बाल संरक्षण कार्ड फेकून देऊ नका. पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत ते दाखवा आणि "मागच्या वेळी साखर होती" किंवा "बीपी होते" असे तोंडाने सांगा, कारण गर्दीत कार्ड उघडून बघितले जाईलच असे नाही.